‘जेवलात का?’ असे शेजारीण विचारते तेव्हा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, वय वर्षे 63. गेले सात महिने हाँगकाँगमध्ये तुंग चुंग येथे मुलाकडे राहते आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात; पाच वर्षांच्या नातीला शाळेच्या बसपर्यंत नेणे-आणणे माझ्याकडे आहे. आमच्या समोरच्या दारात एक कँटनीज आजी राहतात, ऐंशीच्या घरातल्या असाव्यात. लिफ्टपाशी भेट झाली की त्या मला रोज काहीतरी विचारतात. सुनेने ऑफिसातील मैत्रिणीला विचारून सांगितले, की त्या ‘जेवलात का’ असे विचारतात. म्हणून एकदा मी खुणेने ‘नाही’ असे सांगितले, तर त्या हसल्या, घाईघाईने काही बोलल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतले. मला फार लागले ते. दुसऱ्या एका दिवशी त्यांनी माझ्या गालाकडे बोट दाखवून काही म्हटले. शाळेत थोडे कँटनीज शिकलेल्या नातीने सांगितले, ‘आजी, तू जाडी झालीस असं म्हणतायत त्या.’ मी मोबाइलवर पाहून ‘नी हाओ’ शिकले, पण ते म्हटले की खालचा वॉचमन नुसता हसतो. या सगळ्यामुळे मी बोलणेच टाकले होते. मात्र गेल्या महिन्यात त्या आजी पडल्या, खुब्याचे ऑपरेशन झाले आणि आता त्या घरी आल्या आहेत. मला त्यांची विचारपूस करायची आहे. काय म्हणावे? मोडकेतोडके बोलून त्यांचा अपमान तर होणार नाही ना?

— एक आजी, हाँगकाँग

उत्तर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम मनातील सल काढून टाका. समोरच्या आजींनी तुमचा अपमान केलेला नाही. ज्या दोन प्रसंगांनी तुम्ही दुखावलात, त्या दोन्ही प्रसंगी त्यांनी तुम्हाला परकी पाहुणी न समजता शेजारीण समजून वागवले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे मी हाँगकाँगमध्ये अकरा वर्षे काढली आणि जे काही कँटनीज शिकले, ते भाजीबाजारात आणि लिफ्टच्या दारातच शिकले. त्यामुळे तुमची अडचण मला नेमकी कळते.

आजी विचारतात ते वाक्य बहुधा असे असेल: ‘सिक् चॉ फान् मेइ आ?’ यातील ‘सिक्’ म्हणजे खाणे, ‘चॉ’ ही क्रिया पूर्ण झाल्याची खूण, ‘फान्’ म्हणजे शिजवलेला भात आणि त्यावरून एकूणच जेवण, ‘मेइ’ म्हणजे ‘अजून नाही’, आणि शेवटचा ‘आ’ हा प्रश्नाला मऊपणा आणणारा. हे सारे जुळवले तर अर्थ होतो, ‘जेवण झालं, की नाही अजून?’ हे वाक्य मराठीत आणताना मोडतोड करावी लागत नाही, कारण आपणही ते अगदी याच बेताने बोलतो. आता साताऱ्याच्या आपल्या आळीतली दुपार आठवून पाहा. एक वाजता कोणी ओळखीची बाई दारावरून जाताना ‘झाली का जेवणं?’ असे विचारते, तेव्हा ती तुम्हाला पान वाढण्याच्या तयारीने आलेली नसते, आणि तुम्हीही ‘नाही अजून, कुकर लावलाय’ असे म्हणून आपल्या कामाला लागता. तेथे तुम्हाला कधी वाईट वाटले नाही, कारण प्रश्नाचा हेतू तुम्हाला जन्मापासून ठाऊक होता. आजींचा प्रश्न तोच आहे. केवळ तो परक्या भाषेत आला आणि सुनेने त्याचे शब्द तेवढे सांगितले, म्हणून तुम्हाला तो आमंत्रणासारखा वाटला.

त्या दिवशी त्या घाईने जे बोलल्या, ते बहुधा ‘मग लवकर जाऊन जेवा’ अशा अर्थाचे असणार. ‘मेइ’ या उत्तरावर असेच म्हणण्याची रीत आहे. दार लावून घेतले, त्यामागेही तुम्हाला जेवायला मोकळे सोडण्याचाच विचार असावा. शिवाय हाँगकाँगमधील घरे लहान असतात, दोन खोल्यांत तीन पिढ्या राहिल्याचे मी पाहिले आहे, आणि त्यामुळे पाहुणचार हा घरापेक्षा बाहेर, ‘छा लौ’मध्ये म्हणजे चहाघरात करण्याकडे लोकांचा कल असतो. घरात बोलावले नाही म्हणजे दूर ठेवले, हा आपल्याकडचा हिशेब तेथे लागू पडत नाही.

याच्या जोडीला आणखी एक वाक्य ध्यानात असू द्या, म्हणजे पुढे तसाच गैरसमज होणार नाही. निरोप घेताना तेथील लोक ‘तक् हान् यम् छा’ असे म्हणतात, म्हणजे ‘सवड झाली की चहा घेऊ’. यातील ‘छा’ हे आपल्या ‘चहा’चे मूळ ज्या चिनी शब्दात आहे, त्याचेच कँटनीज रूप. आपण ‘या एकदा सवडीने’ म्हणतो, तितकाच त्याचा अर्थ घ्यावा. वार आणि वेळ सांगितली, तर मात्र ते खरे आमंत्रण समजावे आणि वेळेवर जावे.

‘जेवलात का’ याचे रोजचे उत्तर छोटे आहे. जेवण झाले असेल तर ‘सिक् चॉ ला’, झाले नसेल तर ‘मेइ आ’, आणि लगेच ‘नेइ नॅ?’ म्हणजे ‘आणि तुम्ही?’ हा परतीचा प्रश्न तुमच्याकडून आजवर गेलेला नाही, आणि माझ्या मते तुमच्या दोघींच्या ओळखीत तेवढीच एक गोष्ट राहून गेली आहे. आपण काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, आज उपवास आहे, हे सांगण्याची तेथे गरज नसते. पण प्रश्न परत केला नाही, तर विचारणाऱ्याचा हात पुढे आलेला तसाच राहतो.

आता ‘जाडी झालीस’ याविषयी. त्या ‘फेइ चॉ’ असे म्हणाल्या असतील. ‘फेइ’ म्हणजे जाड आणि ‘चॉ’ वर आलेलाच. बारीक झालेल्या माणसाला तसेच ‘सौ चॉ’ म्हणतात. वयाने मोठ्या बायका हे तोंडावर म्हणतात आणि त्यात मी तुला नीट निरखून पाहिले, मागच्या खेपेपेक्षा तुझ्यात काय फरक पडला हे माझ्या ध्यानात आले, एवढेच सांगणे असते. माहेरी गेलेल्या मुलीला आपल्याकडे पायातल्या चपला काढायच्या आतच ‘किती वाळलीस गं’ ऐकावे लागते, ते जसे टीका म्हणून कोणी म्हणत नाही, तसेच हे. तुम्हाला ते आवडले नाही, हेही मी समजू शकते. अशा वेळी हसून मान हलवली तरी पुरते. मात्र तुम्ही स्वतः त्यांना असे काही म्हणू नका; हा अधिकार वयाने मोठ्या आणि जुन्या ओळखीच्या माणसांचा असतो, आणि आजारातून उठलेल्या माणसाला ‘सौ चॉ’ म्हटलेले तर कोणालाच आवडत नाही.

वॉचमन का हसतो, याचे कारण साधे आहे. तुम्ही शिकलात ते ‘नी हाओ’ मँडरिन, म्हणजे चीनच्या राजभाषेतले आहे, आणि हाँगकाँगची बोली कँटनीज. दोन्ही भाषांत ते लिहिण्याची चित्रलिपी एकच, परंतु बोलण्यात त्या एकमेकींना कळत नाहीत इतक्या वेगळ्या आहेत. 2021 च्या जनगणनेत हाँगकाँगमधील सुमारे 88 टक्के लोकांनी आपली रोजची भाषा कँटनीज असल्याचे सांगितले आहे, आणि आपल्या भाषेविषयी त्यांना जिव्हाळा आहे. ‘नी हाओ’चे कँटनीज रूप ‘नेइ होउ’ असे होते. बरेच जण आता ‘न’च्या जागी ‘ल’ आणून ‘लेइ होउ’ असेही म्हणतात. परंतु हे रूप शिकून तुमचे काम होईल, असे मला वाटत नाही, कारण ‘नेइ होउ’ हे पहिल्या ओळखीचे, दुकानातले आणि कार्यालयातले अभिवादन आहे. रोज दिसणाऱ्या वॉचमनला कोणी ‘नेइ होउ’ म्हणत नाही, जसे आपण दूधवाल्याला रोज सकाळी ‘आपण कसे आहात?’ असे विचारत नाही. पाठ्यपुस्तकात ‘नेइ होउ मा?’ म्हणजे ‘तुम्ही बरे आहात ना?’ हे वाक्य अगदी पहिल्या पानावर असते, आणि जिन्यात ते मला अकरा वर्षांत क्वचितच ऐकू आले.

मग सकाळी काय म्हणावे? ‘चोउ सन्’. ‘चोउ’ म्हणजे लवकर किंवा सकाळ, आणि हे अभिवादन दुपारपर्यंत कोणालाही चालते: वॉचमनला, बसच्या चालकाला, आजींना, शाळेतील बाईंना. दुपारचे आणि संध्याकाळचे शुभेच्छांचे शब्द त्या भाषेत आहेत, पण ते निवेदकांच्या तोंडी शोभतात. दुपारनंतर लोक समोर जे दिसते त्याविषयी विचारतात. हातात पिशवी दिसली तर ‘माइ सुंग् आ?’ म्हणजे ‘बाजार करताय?’, कामावर निघालेला दिसला तर ‘फान् कुंग् आ?’ म्हणजे ‘कामावर निघालात?’, आणि काहीच कळत नसेल तर ‘हॉय् पिन् आ?’ म्हणजे ‘कुठे निघालात?’ (या ‘हॉय्’चा नेमका स्वर मराठीत नाही, ओठ गोल करून म्हटले की जवळपास जाते.) ‘सुंग्’ हा शब्द मला विशेष आवडतो, कारण भाताबरोबर जे काही खायचे, मग ती पालेभाजी असो, मासळी असो वा मटण, त्या सगळ्याला मिळून तो एक शब्द आहे. आपल्या ‘कालवण’ आणि ‘तोंडीलावणे’ यांच्या मधोमध त्याची जागा आहे. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत असताना ‘काय, बाजार करून आलात वाटतं?’ असे विचारणाऱ्या माणसाला उत्तर ठाऊकच असते. मी तुम्हाला पाहिले, न पाहिल्यासारखे करून पुढे गेलो नाही, हे त्याला कळवायचे असते. कँटनीज माणूसही नेमके हेच करतो. तुम्ही ‘हाय् आ’, म्हणजे ‘हो’, एवढे म्हटले तरी बोलणे पूर्ण झाले.

उच्चारांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी थोडे लिहिते, कारण मराठी माणसाला या बाबतीत एक लाभ मिळतो आणि तो कोणी सांगत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले कँटनीज वाचून उच्चार शिकू नका. त्या लेखनात जेथे ‘द’ किंवा ‘ग’ वाटावे असे अक्षर असते, तेथे खरा उच्चार आपल्या ‘त’ आणि ‘क’ यांचा असतो, आणि जेथे ‘त’ वाटावे असे अक्षर असते तेथे ‘थ’चा. आपल्या लिपीत क-ख, त-थ, प-फ अशा जोड्या मुळातच वेगळ्या असल्यामुळे देवनागरीत ही भाषा पुष्कळ नेमकी उतरते. त्याहून मोलाचे म्हणजे ‘चोउ’ मधला च. तो ‘चिमणी’तला नव्हे, तर ‘चमचा’, ‘चाक’, ‘चोर’ यांतला आहे. हा च हिंदी भाषकांना सहज जमत नाही आणि इंग्रजांनाही नाही. तुमच्या जिभेवर तो लहानपणापासून आहे. ‘सिक्’च्या शेवटचा क् मात्र पूर्ण सोडायचा नाही, तो घशातच थांबवायचा.

खरी कठीण गोष्ट आहे ती सुरांची. कँटनीजमध्ये सहा सूर मानतात आणि सूर बदलला की शब्द बदलतो. ‘सिक्’ खालच्या सुरात म्हटले तर खाणे, आणि उंच, सरळ सुरात म्हटले तर जाणणे. ‘यौ सिक्’ म्हणजे विश्रांती, या जोडशब्दातले ‘सिक्’ही उंच सुरातलेच आहे. सगळे सूर शिकण्याच्या मागे आता लागू नका. जी सात-आठ वाक्ये तुम्हाला हवी आहेत, ती आपण गाण्याची चाल धरतो तशी पूर्ण चालीसकट कानात साठवा. ‘सिक् चॉ फान् मेइ आ’ची चाल अशी आहे: ‘सिक्’ खाली, ‘चॉ’ खालून वर चढणारा, ‘फान्’ आणि ‘मेइ’ पुन्हा खाली, ‘आ’ मध्यम. ‘चोउ सन्’मध्ये ‘चोउ’ वर चढतो आणि ‘सन्’ खाली उतरून बसतो. नातीला दहा वेळा म्हणायला लावा आणि तिच्या मागून म्हणा. पाच वर्षांच्या मुलीचा कान आपल्यापेक्षा स्वच्छ असतो, आणि आजीला शिकवण्यात तिलाही मौज वाटेल.

शेवटचा ‘आ’ गाळू नका, हेही येथेच सांगते. ‘सिक् चॉ फान् मेइ’ एवढेच म्हटले तर अर्थ कळतो, पण बोलणे कोरडे होते. ‘जेवलीस?’ आणि ‘जेवलीस का गं?’ यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. आपल्या ‘गं’, ‘रे’, ‘हं’, ‘बरं का’ यांची कामे कँटनीजमध्ये असे लहान लहान शेपटीचे शब्द करतात, आणि माया किंवा तुसडेपणा पुष्कळदा त्यांच्यातूनच कळतो.

आजींना हाक काय मारावी, हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण विचारपुशीच्या आधी तो सुटायला हवा. कँटनीज घरांत मुलांना सर्वांत आधी जो शिष्टाचार शिकवतात, त्याला ‘कीउ यन्’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘माणसाला हाक मारणे’. थोरले माणूस समोर आले की मुलाने त्याच्या नात्याचे नाव घेऊन हाक मारली पाहिजे. ती हाक हेच अभिवादन, त्यानंतर काही बोलले नाही तरी चालते, पण हाक मारली नाही तर मूल वळण नसलेले ठरते. रक्ताचे नाते नसले तरी नात्याचाच शब्द वापरतात, जसे आपण काका, मावशी, आजी म्हणतो. फार वयस्क बाईंना ‘फॉ फॉ’ म्हणतात, पहिला उतरता आणि दुसरा चढता. यातला फ ‘फळ’मधला आहे, ‘फोन’मधला नव्हे. वॉचमनला ‘आ सुक्’ म्हणजे काका. तुम्ही स्वतः 63 वर्षांच्या असून ऐंशीच्या बाईंना आजी कशी म्हणणार, असे वाटत असेल, तर नातीच्या नात्याने म्हणा. आपल्याकडेही सुना सासूला मुलांच्या नात्याने ‘आजी’ म्हणू लागतातच. तेही अवघड वाटले, तर त्यांचे आडनाव वॉचमनकडून समजून घ्या आणि त्यापुढे ‘थाइ’ लावा. आडनाव चान असेल तर ‘चान् थाइ’, म्हणजे चानबाई. शेजारणी एकमेकींना असेच संबोधतात. नातीला मात्र ‘फॉ फॉ’च म्हणू द्या, आणि ती ते दारात उभी राहून स्पष्ट आवाजात म्हणेल, असे पाहा. या एका हाकेने आजींना जो आनंद होईल, तो तुमच्या-माझ्या चार वाक्यांनी होणार नाही.

आता भेटीचे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास किंवा दुपारची झोप झाल्यावर जा, आणि घरात कोणी मुलगी, सून वा मदतनीस असताना जा, म्हणजे आजींना दार उघडण्यासाठी उठावे लागणार नाही. हातात थोडी फळे असू द्या. संत्री सर्वांत बरी, कारण संत्र्याच्या एका जातीचे नाव आणि सोन्यासाठीचा शब्द यांचा उच्चार एकच आहे आणि ते फळ शुभ मानतात, सफरचंदेही चालतात. पेअर टाळा, कारण त्याचे नाव ‘लेइ’ आणि ताटातुटीसाठीचा शब्द यांचा उच्चार तंतोतंत एक आहे. फळे मोजून चार नेऊ नका. चार या अंकाचा उच्चार ‘मरणे’ या शब्दाच्या जवळ जातो, आणि अनेक इमारतींत चौथा, चौदावा असे मजलेच गाळलेले तुम्ही लिफ्टमध्ये पाहिले असतील. पांढरी फुलेही नकोत, ती अंत्यविधीची. घरचे काही करून न्यावे असे तुमच्या मनात येईल, हे मी जाणते. पण ऑपरेशननंतर त्यांना काय पथ्य आहे हे समजल्याशिवाय नेऊ नका. पिशवी दोन्ही हातांनी द्या.

दारात आधी ‘फॉ फॉ’ अशी हाक, सकाळ असेल तर ‘चोउ सन्’, आणि मग तुम्हाला जे विचारायचे आहे ते वाक्य: ‘होउ ती मेइ आ?’ ‘होउ’ म्हणजे चांगले, ‘ती’ म्हणजे थोडे अधिक, आणि ‘मेइ आ’ तुमच्या ओळखीचेच आहे. ‘थोडं बरं वाटतंय, की नाही अजून?’ पाहा, ताई, ‘जेवलात का’चाच हा साचा आहे, ज्या प्रश्नाने तुम्हाला सात महिने कोड्यात टाकले, त्याच्याच घडणीचे वाक्य आता तुम्ही त्यांना विचारणार आहात. त्या ‘होउ ती ला’ म्हणाल्या, तर आता जरा बरे आहे, असे समजा. ‘मा मा तेइ’ म्हणाल्या, तर यथातथाच चालले आहे.

आणि त्यानंतर, मला जवळजवळ खात्री आहे, त्या एक शब्द उच्चारतील: ‘यौ सम्’. हा शब्द मला पहिल्यांदा शाम शुई पो येथील बाजारात मिळाला. मी जिच्याकडून नेहमी पालेभाजी घेत असे, त्या बाईची आई आजारी असल्याचे मला कळले होते, आणि पुढच्या खेपेला मी जमेल तशा शब्दांत तिची चौकशी केली. ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, ‘यौ सम्’. मी तोवर आभारांचे दोनच शब्द शिकले होते: कोणी आपले काम केले, वाट दिली, दार धरले तर ‘म् कॉइ’, आणि कोणी वस्तू दिली, आमंत्रण दिले वा कौतुक केले तर ‘तॉ चे’. हा तिसरा शब्द त्या दोहोंत बसेना. घरी येऊन विचारले तेव्हा कळले, की ‘यौ’ म्हणजे असणे आणि ‘सम्’ म्हणजे मन. कोणी आपली विचारपूस केली की त्या माणसाला हा शब्द देतात. इंग्रजी पुस्तके ‘सम्’चा अर्थ हृदय असा देतात, पण मराठीत ‘मन’ हाच त्याला अचूक शब्द आहे, कारण विचार आणि माया दोन्ही त्यात राहतात. ‘तुमच्या मनात माझी आठवण आली’ असा त्या दोन अक्षरांचा भाव आहे. तुम्ही किती शुद्ध बोललात, याचा त्यात हिशेब नसतो. मोडके बोलल्याने अपमान होईल का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ याहून खरे उत्तर नाही. त्या हसतील, हे मात्र शक्य आहे. परक्या माणसाच्या तोंडून आपली भाषा अचानक ऐकली की आपणही हसतोच. ‘यौ सम्’ला काही उत्तर द्यावे लागत नाही, मान लववली की झाले. उलट त्यांनी तुमच्या मुलाची किंवा नातीची चौकशी केली, तर तुम्हीही हाच शब्द त्यांना द्या. ‘यौ’ खालून किंचित चढणारा, ‘सम्’ उंच आणि सरळ.

जास्त वेळ बसू नका. ऑपरेशनला खर्च किती आला, पडलात कशा, मुले लक्ष देतात का, हे आपल्याकडे सहज विचारले जाणारे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत. उठताना ‘तॉ ती यौ सिक् आ’ असे म्हणा, म्हणजे ‘भरपूर विश्रांती घ्या’. यातले ‘सिक्’ उंच सुरात, कारण ते खाली गेले तर खाण्याचा भास होईल. ‘सन् थाइ कीन् हॉंग्’ म्हणजे ‘प्रकृती उत्तम राहो’ ही शुभेच्छा तुम्हाला चिनी नववर्षाला दारोदार ऐकू येईल. आजच्या भेटीतही ती शोभेल, पण दोन वाक्ये पुरेशी आहेत, तिसऱ्याचा ताण घेऊ नका.

निरोपाला त्या अंथरुणातूनही म्हणतील, ‘मान् मान् हाङ्’. शब्दशः ‘हळूहळू चाला’. तुमचे दार चार पावलांवर असले तरी म्हणतील, कारण जाणाऱ्याला ‘सावकाश जा’ म्हणायचेच असते. त्यावर ‘म् सै सुंग्’ असे म्हणायचे, म्हणजे ‘पोहोचवायला येऊ नका’. आजी उठू पाहत असतील तर हे वाक्य हात हलवून जरा ठासून म्हणा.

त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा नुसते दारात उभे राहून ‘होउ ती मेइ आ?’ विचारत राहा, आणि त्या पुन्हा लिफ्टपाशी येऊ लागतील तेव्हा ‘सिक् चॉ फान् मेइ आ?’ हा प्रश्न त्यांच्या आधी तुम्ही विचारा. त्यांना आता कसे आहे, ते मला अवश्य कळवा.

तुमची,
सदरलेखिका